चार वाजताची पँट

चार वाजले आणि मास्तरांनी कात्री खाली ठेवली.

गांजा सोडल्याचा आज अकरावा दिवस. दिवसाचे तेवीस तास कसेबसे निघत. हा एक मात्र छातीवर बसायचा. याच वेळी ते मागच्या जिन्याने गच्चीवर जात आणि सिगारेटीतली तंबाखू काढून दुसरा माल भरत.

हाताशी आता दुसरं काम नव्हतं. अंगाला घाम, बोटांना कंप, आणि सकाळीच एका जुन्या गिऱ्हाइकाला "तुमचं पोट रोज नवं माप देतं, त्याला शिंपी काय करणार?" असं सुनावून झालेलं. मास्तरांनी चपला पायात सरकवल्या. गच्चीवर पत्र्याखाली एक पुडी अजून होती. फेकायची राहून गेली, असं ते स्वतःला रोज सांगत.

"मास्तर, आहात का?"

दारात आबा. मास्तरांचे सख्खे वडील, पण दुकानात मुलाला अहोजाहो करत, 'बाळ्या' फक्त घरी. हातात पँट.

"पुन्हा उसवली हो."

"परवाच शिवली होती, आबा."

"बसायची जागा आहे. माणूस बसणारच."

सोडायचं ठरलं तेव्हा मास्तरांनी घरात जाहीर केलं होतं : डॉक्टर नको, औषध नको, उपदेश तर मुळीच नको. यातली शेवटची अट आबांना फार जड गेली, पण त्यांनी ती पाळली. तेव्हापासून घरातले कपडे मात्र भराभर उसवू लागले. एकदा पडदा, एकदा उशीचा अभ्रा, दोनदा सूनबाईंची पिशवी. सगळं बरोबर चार वाजता.

मास्तरांनी पँट उजेडात धरली. धागा झिजून तुटला की त्याच्या टोकाला लव सुटते. इथे एकेक टाका पात्याने कापल्यासारखा साफ होता. त्यांनी वर पाहिलं. आबा डावा अंगठा मुठीत लपवून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. गेल्या वर्षीचं.

"किती वेळ लागला?"

"कशाला?"

"उसवायला."

आबांनी कॅलेंडर सोडलं नाही.

"जेवण झाल्यापासून बसलो होतो," ते म्हणाले. "तू शिवण फार पक्की घालतोस रे, बाळ्या."

मास्तरांनी डब्यातून स्वच्छ चिंधी काढून आबांच्या अंगठ्याला बांधली. गाठ दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली. मग चपला काढून ते मशीनवर बसले, पँट सुईखाली सरकवली, आणि टाक्याचा आकडा दोनवरून चारवर नेला. लांब, ढिले टाके.

उद्या आबांना सोपं जाईल.