उतारूंची चौकशी

"सर, बोटीवर संडास होता का?"

"होता."

"किती?"

गणिताच्या सरांनी पुस्तक टेबलावर आपटलं. शंभर वर्षांपूर्वीची गोष्ट. एक कुटुंब घरदार मोडून बोटीने परक्या देशात राहायला जातं, त्यावरची दोनशे पानांची कादंबरी. तीन आठवड्यांत सातवीचा वर्ग बाविसाव्या पानावर पोचला होता आणि त्यातला निम्मा वेळ संडासातच गेला होता.

"तुम्हाला काय करायचंय रे? तुम्ही निघालाय का?"

खरं तर हा तास त्यांचा नव्हता. त्यांच्या बायकोचा होता. ती याच शाळेत भाषा शिकवायची, आणि एकोणीस वर्षं तिने हीच कादंबरी शिकवली. तिला जाऊन आठ महिने झाले होते. दुसरं कोणी मिळेना, तेव्हा मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, "तिचं पुस्तक तुमच्या घरी आहेच. घ्या की तुम्हीच." पुस्तक होतं. समासात तिने पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. बंदराच्या प्रकरणापाशी लिहिलं होतं: इथे खेळ घ्यावा. एकाने चौकशी करणारा अधिकारी व्हावं, बाकीच्यांनी उतारू. हमखास रंगतो.

म्हणून आज खेळ होता. सरांनी टेबल दाराजवळ ओढलं आणि ते अधिकारी होऊन खुर्चीत बसले. उतारूंची रांग लागली.

पहिला आला वकील. उठसूट वाद घालतो म्हणून वर्गाने ठेवलेलं नाव.

"इथे का आलात?" सरांनी विचारलं.

"सुट्टीला. मामाकडे."

"अरे, कायमचं राहायला आलायस तू!"

"मग मामीला विचारावं लागेल, सर."

वर्ग खिदळला. त्याच्या मागची मुलगी बोट लागली म्हणून तीनदा चक्कर येऊन पडली. दोघं आली, ती म्हणे जुळी. एक दुसऱ्याच्या खांद्याला लागत होता. सरांचे कान तापले. गणितात असं होत नाही. तिथे उत्तर चुकलं की चुकलं. ही बाई एकोणीस वर्षं हे कसं करत होती, कोण जाणे.

मग नवीची पाळी आली. चार महिन्यांपूर्वी ही मुलगी शाळेत आली, तेव्हापासून तिचं हेच नाव पडलं होतं. लांबून कुठून तरी, सरहद्द ओलांडून आलेली. पेपर चांगला लिहायची, पण तोंडाला कुलूप. हजेरीलाही नुसता हात वर करायची. सगळ्यांनी विनवून पाहिलं, दटावून पाहिलं. शेवटी मुख्याध्यापिका बाईंनी सांगून टाकलं होतं: शुक्रवारपर्यंत वर्गात एक वाक्य बोलली नाही, तर तिला पाचवीत बसवायचं. आज शुक्रवार होता. आणि बाई हातात त्याचाच अर्ज घेऊन दारातच उभ्या होत्या.

"नाव?" सरांनी विचारलं.

ती फरशीकडे बघत राहिली.

"नुसतं नाव सांग. बाकी काही नको."

तिने बुटाचं टोक फरशीवर घासलं.

"अगं, खेळ आहे हा! खोटं नाव सांग, काहीही सांग!"

"सर, ती अजून बोटीतच आहे," मागून वकील म्हणाला. पुन्हा हशा. बाईंनी घड्याळ पाहिलं.

सरांचा धीर सुटला. ते ताडकन उठले. "मला नाही जमत हे. ये, बस इथे. तूच विचार सगळ्यांना!"

ती टेबलाला वळसा घालून आली आणि बसली.

तिने पुस्तक बाजूला सारलं. एक कोरा कागद पुढे ओढला, पेन्सिल घेतली आणि वर न बघता म्हणाली, "पुढे या."

रांगेतलं कोणी हललं नाही. सरच पुढे झाले.

"नाव?"

सरांनी सांगितलं.

"पूर्ण नाव."

सरांनी वडिलांच्या नावासकट सांगितलं.

"खिशात काय आहे? सगळं काढून ठेवा."

सरांनी खडू, किल्ल्या आणि चष्म्याचं घर टेबलावर ठेवलं. कोणी हसलं नाही. दारात बाईंनी अर्जाची घडी घातली आणि तिथेच थांबल्या.

"घरात पलंग कुठे होता?"

हे पुस्तकात नव्हतं. समासातही नव्हतं.

"खिडकीशी," सर म्हणाले.

"खिडकीच्या बाजूला कोण झोपायचं?"

"बायको."

"ती बरोबर आहे?"

सरांनी मागे वळून पाहिलं. कादंबरीत उतारूची बायको मागेच उभी असते, कडेवर मूल घेऊन. मागे वकील उभा होता.

"बायको कुठे आहे?" तिने त्याच आवाजात विचारलं. पेन्सिल कागदाला टेकलेली होती.

सरांनी तोंड उघडलं. आठ महिन्यांत त्यांनी हे कितीजणांना सांगितलं होतं. शेजाऱ्यांना, बँकेत, फोनवर. न अडखळता सांगितलं होतं. आता एवढंसं वाक्य सुरूच होईना. त्यांनी टेबलाची कड धरली. वर्ग बघत होता.

"सर?" दारातून बाई म्हणाल्या.

तेव्हा त्या मुलीने पहिल्यांदा वर पाहिलं. पेन्सिल खाली ठेवली. टेबलावरून पुढे झुकली आणि रांगेत कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाली,

"सर, घाबरू नका. काहीच बोलू नका. आपण गप्प राहिलो की त्यांना काही लिहून घेता येत नाही."