नाव नसलेली चिठ्ठी

वर्षभरात दोनाची नऊ दुकानं झाली, तेव्हा मालकांनी पेटी ठेवली. "काय आवडतं, काय खुपतं, बिनधास्त लिहा. नाव घालू नका." कॅशियरने सवयीप्रमाणे वाया गेलेल्या बिलाच्या पाठीवर लिहिलं: ‘सगळे एकत्र जेवतो, ते आवडतं. दहा तास उभं राहून पाय सुजतात. बसायला स्टूल हवं.’ दुपारी जेवणाच्या टेबलाशीच मालक चिठ्ठ्या वाचू लागले. तिची चिठ्ठी त्यांनी उचलली, छापील बाजू दिसली आणि तिला आठवलं. प्रत्येक बिलावर कॅशियरचा नंबर असतो. मालकांनी मोठ्याने वाचलं, कागद उलटून पाहिला आणि घडी करून खिशात ठेवला. "बरोबरच आहे हो," ते हसून म्हणाले. "अगं, जेव की," शेजारणीने कोपर मारलं. तिने हातातला घास परत ठेवला. दुसऱ्या दिवशी तिच्या काउंटरमागे नवंकोरं स्टूल होतं. त्यावर अनोळखी मुलगी बसली होती.