उगवलेला हात

"हात मांडीवरून हलवायचा नाही," गुंजाळ वकीलबाईंनी भरपाई कार्यालयाच्या दारात पुन्हा बजावलं. "हलला की दावा संपला."

सोनटक्केनं मान डोलावली. कारखान्यात पत्रा कापणाऱ्या पॉवर प्रेसखाली त्याचा उजवा हात मनगटापासून गेला, तेव्हा कंपनीनं इस्पितळात नेऊन दुसरा उगवून दिला होता. तान्ह्या मुलासारखी मऊ कातडी आणि कोरा तळवा, त्यावर एक रेष नाही. हात सांगेल तसा वागायचा, पण जाणीव तेवढी उगवली नव्हती. तव्याला टेकला तर जळका वास आल्यावरच कळायचं. कायदा मात्र हालचाल बघायचा. हात चालतोय ना, मग इजा झालीच नाही!

आत तो बायकोशेजारी, मंदाकिनीशेजारी, बाकावर बसला. दार उघडून अधिकारी आले. सोनटक्के ताडकन उठला आणि जन्माच्या सवयीनं दोन्ही हात जोडून म्हणाला, "नमस्कार, साहेब."

वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले.

"छान आलाय की हात!" अधिकारी हसले. "उद्यापासून प्रेसवर रुजू व्हा."

"साहेब, त्या प्रेसची संरक्षक जाळी काढून टाकलीय," तो कसाबसा बोलला.

"हात उगवतात म्हटल्यावर जाळी कशाला हवी?"

बाहेर पडल्यावर तो घराच्या दिशेनं चालू लागला. मंदाकिनी शेजारून चालत होती. रस्ता ओलांडताना त्याची नजर सहज खाली गेली. तिनं त्याचा नवा हात घट्ट धरला होता. कधीपासून, कुणास ठाऊक.