गुरुवारची बोट

दूर दक्षिणेच्या समुद्रातल्या चिलोए बेटसमूहातल्या एका लहानशा बेटावर वीज नव्हती, म्हणून एर्सिलिया रेडिओ फक्त हवामानापुरता लावायची. हवामानानंतर त्यावर बेटांवरच्या लोकांसाठी आलेले निरोप वाचले जायचे. ते ऐकायची नवऱ्याला भारी हौस, पण ही बटण फिरवून मोकळी.

"अगं, कधीतरी आपलाही निरोप असेल," बाल्दोमेरो आजही कुरकुरला.

"लोकांच्या भानगडी ऐकायला बॅटरी काय झाडाला लागते? आणि आपल्याला कोण निरोप धाडणार? नोल्बेर्तो तर गुरुवारच्या बोटीनं येतोच आहे."

नोल्बेर्तो तिचा धाकटा भाऊ. शहरातल्या दवाखान्यातून बरा होऊन घरी यायचा होता. त्याच्यासाठी तिनं सफरचंदांचा ताजा रस गाळून ठेवला होता.

रेडिओ सांगू लागला, "पानगळीचा हा पहिला आठवडा गारठ्याचा आणि लहरी राहील. बुधवारपासून उत्तरेचा वारा आणि पावसाच्या सरी. गुरुवारी बंदर बंद, बोट शनिवारी सुटेल."

"मेल्या वाऱ्याला आत्ताच मुहूर्त सापडला!" म्हणत तिनं बटणाला हात घातला.

"त्यामुळे, कालच्या निरोपात कळवल्याप्रमाणे नोल्बेर्तो बार्रिया यांचा गुरुवारी येणारा मृतदेहही आता शनिवारीच पोचेल."

तिचा हात बटणावरच राहिला. बॅटरी अजून भरलेली होती.