बिननावाची तक्रार

साहेबांनी तक्रार माझ्यापुढे सरकवली. बायकांच्या कपडे बदलायच्या खोलीत मी नको, असं दोन कागद भरून लिहिलं होतं. खाली नाव नव्हतं. तृतीयपंथीयांना सामावून घेणारा कारखाना म्हणून दारावर माझाच फोटो लावणारे साहेब म्हणाले, “चार दिवस कपडे गोदामात बदला. वातावरण निवळू द्या.” साहेबांचे चार दिवस वर्षभर पुरतात. मी कागद उलटले. ते टाचणीनं नाही, शिवणकामाच्या दोऱ्यानं जोडले होते; शेवटी आत दडवलेली दुहेरी गाठ. ही गाठ कारखान्यात दोघींनाच येते. मी एकीलाच शिकवली, जेवणाची सुट्टी मोडून. मशीनवर परतले. शेजारी माझी शिष्या सुई ओवताना हळहळली, “कोणी केलं असेल गं ताई? हात झडोत मेलीचे.” मी तिच्या मांडीवरचं कापड उलटून पाहिलं. “असं नको म्हणूस,” मी म्हटलं, “गाठ फार सुरेख घालतेस आता.”