उदासीन गटातल्या बायका

"गट सात, उदासीन. प्रेक्षकांची पायरी डावीकडे," मैदानाच्या बोलक्या यांत्रिक फाटकाने रुक्साना मुल्लाणीच्या मनगटावरची पट्टी वाचून सांगितलं. मागून तिच्या गल्लीतल्या सात बायका आल्या. त्याही गट सातच्याच.

क्रीडा अधिकारी हेमांगी तिरोडकर पायरीवरच बसली होती. गावातल्या चाळीस हजार माणसांचे खेळाच्या आवडीप्रमाणे गट यंत्राने पाडले होते. गट सातला दिलेल्या संध्याकाळी सहाच्या वेळेत वर्षभर कोणी फिरकलं नव्हतं, म्हणून ती वेळ रद्द व्हायची होती. फक्त हेमांगीची सही बाकी होती.

रात्री साडेआठला समोर दुसऱ्या गटाचा खो-खो रंगला. हेमांगीच्या हातातल्या पडद्यावर मनगटी पट्ट्यांवरून आठ बायकांच्या नाडीचे ठोके दिसत होते. प्रत्येक 'खो'च्या क्षणभर आधी आठही जणींचे ठोके एकदम उसळत होते, जणू पाठीवर थाप यांच्याच पडणार होती.

"तुम्ही खेळायला का येत नाही?" तिने विचारलं.

"येणार कधी? सहालाच नळाला पाणी येतं," रुक्साना म्हणाली. "हंडे काय तुमचं यंत्र भरणार?"

हेमांगीने सही केली नाही. गट सातची वेळ साडेसातची केली.

सोमवारी आठही जणी फाटकाच्या 'पायरी डावीकडे'ला न जुमानता पदर खोचून, सलवारी दुमडून मैदानात उतरल्या. कौतुकाने बघायला आलेल्या हेमांगीची पट्टी फाटकाने वाचली.

"गट सात, उदासीन. पायरी डावीकडे."

आता पायरीवर बसायला त्या गटातली ती एकटीच उरली होती.

"मॅडम, खो-खोला नऊ जणी लागतात, आम्हाला नववी कमी पडतेय," रुक्सानाने मैदानातून हाक मारली.

हेमांगीने चपला फाटकापाशीच काढल्या.