पहिल्यांदाच पास

परीक्षा म्हटलं की मी नापासच, म्हणून तर दहावीत शाळा सोडली. आता लायसन मिळालं तरच इथे ओमानमध्ये, रुस्ताकला, दयानंदकाकांच्या दुकानाची व्हॅन चालवायला मिळणार, नाहीतर परत शाळा. आई म्हणाली, "दीर्घ श्वास घे, कोणावर भडकू नकोस. आणि पास झालास की आधी मोठ्यांच्या पाया पड."

लायसनच्या टेस्टमध्ये दोनदा फेल झालो होतो, पण या वेळी मी चढावर गाडी मस्त थांबवली. शेजारी बसलेला ऑफिसर हसला, "खलास, झालं, पास!"

आयुष्यात पहिल्यांदाच मला कोणी पास म्हटलं. डोळेच भरले. त्याच्या पाया पडायला पटकन वाकलो, ब्रेकवरचा पाय सुटला आणि गाडी मागे घसरून खुणेसाठी ठेवलेल्या ड्रमवर आदळली.


फोनवर आई कडाडली, "मेल्या, आधी हँडब्रेक ओढायचा, मग पाया पडायचं!"